संस्थापक एक की अनेक? घानातला एन्क्रुमांवरचा वाद, सुरुवातीपासून

घानात 21 सप्टेंबरला सुट्टी असते. ती कशाची, हे मात्र राज्य कोणाचं आहे त्यावर ठरतं. 2009 मध्ये अध्यक्ष जॉन आटा मिल्स यांच्या काळात हा दिवस राष्ट्रसंस्थापकाचा दिवस म्हणून पाळायला सुरुवात झाली, कारण 21 सप्टेंबर 1909 ही देशाचे पहिले अध्यक्ष क्वामे एन्क्रुमा यांची जन्मतारीख. 2019 मध्ये अध्यक्ष नाना अकुफो-अॅडो यांच्या सरकारने कायदाच बदलला. संस्थापक एक नव्हता, अनेक होते, त्यांचा दिवस 4 ऑगस्ट, आणि 21 सप्टेंबर हा नुसता एन्क्रुमांचा स्मरणदिन, असं ठरलं. 2025 मध्ये जॉन महामा पुन्हा सत्तेवर आले आणि त्यांनी तो बदल उलटवला. 4 ऑगस्टची सुट्टी गेली, 21 सप्टेंबर परत संस्थापकाचा झाला.

बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. पण 4 ऑगस्ट ही तारीख हवेतून आलेली नाही. 4 ऑगस्ट 1947 रोजी सॉल्टपाँड गावात गोल्ड कोस्टमधल्या (घानाचं इंग्रजांच्या काळातलं नाव) वकील-व्यापारी मंडळींनी 'युनायटेड गोल्ड कोस्ट कन्व्हेन्शन' नावाचा पक्ष काढला. त्याचे वैचारिक धुरीण जे. बी. डँक्वा. त्याच पक्षाने परदेशात शिकलेल्या एन्क्रुमांना चिटणीस म्हणून बोलावून घेतलं आणि ते डिसेंबर 1947 मध्ये मायदेशी परतले. म्हणजे 4 ऑगस्टवाल्यांचं म्हणणं असं, की घर आम्ही बांधायला घेतलं आणि पाटी याच्या नावाची लागली.

यात नातीगोतीही आहेत. अकुफो-अॅडो हे डँक्वांचे नातू लागतात, चुलत घरातले. त्यांचे वडील एडवर्ड अकुफो-अॅडो हे 1948 मध्ये इंग्रजांनी पकडलेल्या सहा पुढाऱ्यांपैकी एक. त्या सहांत डँक्वाही होते आणि एन्क्रुमाही. घानाच्या नोटांवर या सहांचे चेहरे शेजारी शेजारी छापलेले आहेत. पुढे त्यांच्यापैकी एकाच्या तुरुंगात दुसरे दोघे मेले, ही गोष्ट नोटेवर कुठून दिसणार?

वाद आहे तो 1951 ते 1966 या पंधरा वर्षांच्या सरकारचा. त्यातली पहिली सहा वर्षं इंग्रजांच्या देखरेखीखालची, नंतरची नऊ स्वतंत्र देशाची. 6 मार्च 1957 ला गोल्ड कोस्टचा घाना झाला. सहाराच्या दक्षिणेला असलेल्या आफ्रिकेतली स्वतंत्र झालेली ही पहिली ब्रिटिश वसाहत, त्यामुळे सगळ्या खंडाचं लक्ष तिच्याकडे होतं. एन्क्रुमा आधी पंतप्रधान होते, 1 जुलै 1960 पासून अध्यक्ष झाले, आणि 24 फेब्रुवारी 1966 ला लष्कर-पोलिसांनी त्यांना हटवलं. ढोबळ कथा एवढीच.

एन्क्रुमांवर जिथे जिथे चर्चा होते तिथे बहुतेक वेळा दोन रकाने मांडले जातात. जमेला धरण, शाळा, बंदर, आफ्रिकेची एकजूट. खर्चाला विनाचौकशी कैद, एकपक्षीय राजवट, कर्ज. मग ज्याला जे हवं त्याने त्याची बेरीज करावी. ही पद्धत सोपी आहे, पण माझ्या मते ती फसते, कारण दोन्ही रकान्यांतल्या गोष्टी एकाच ठिकाणाहून आल्या. त्या कशा आल्या हे बघायचं तर धरणाच्या आधी कोकोपाशी जावं लागतं.

चॉकलेट ज्यापासून बनतं तो कोको त्या काळी घानाच्या निर्यातीचा कणा होता, आणि तो पिकवत होते छोटे-मध्यम शेतकरी, मुख्यतः दक्षिणेकडच्या जंगलपट्ट्यात आणि अशांटी भागात. 1947 मध्ये इंग्रजांनी कोको खरेदीसाठी मंडळ स्थापन केलं. पिकवलेला सगळा कोको मंडळालाच घालायचा, भाव मंडळ ठरवणार, आणि जगाच्या बाजारात जास्त पैसे मिळाले तर वरची रक्कम मंडळाकडे राहणार. कारण असं सांगितलं, की भाव पडला तर याच गंगाजळीतून शेतकऱ्याला सावरता येईल. आपल्याकडे विदर्भ-मराठवाड्यातल्या ज्यांनी कापूस एकाधिकार खरेदी पाहिली आहे त्यांना ही रचना वेगळी समजावून सांगायला नको. तिचे धोकेही त्यांना माहीत आहेत. शेजारच्या राज्यात भाव बरा असला की कापूस रातोरात सीमेपलीकडे जायचा, आणि घानाचा कोकोही पुढे तसाच टोगो आणि आयव्हरी कोस्टमध्ये जायला लागला.

इंग्रजांच्या काळात ही शिल्लक लंडनमध्ये, ब्रिटिश रोख्यांत पडून होती. वसाहतीतल्या शेतकऱ्याचा पैसा, आणि त्यावर राज्यकर्त्या देशाचं चलन सावरलं जातंय. एन्क्रुमांनी सूत्रं हाती घेतल्यावर ठरवलं, की हा पैसा इथे आणून त्यातून देश उभा करायचा. त्यात गैर काय? तत्त्व म्हणून काहीच नाही.

पण तपशील बघा. ऑगस्ट 1954 मध्ये सरकारने कायदा करून कोकोचा भाव चार वर्षांसाठी गोठवला, 60 पौंड वजनाच्या एका बोजाला 72 शिलिंग. गणित केलं तर हे टनाला साधारण 134 पौंड स्टर्लिंग होतात. त्याच वर्षी लंडनच्या बाजारात टनाला 400 पौंडांच्या वर भाव चालला होता. म्हणजे बाजारातल्या तीन रुपयांपैकी शेतकऱ्याच्या हातात एकाच्या आसपास. नुकत्याच झालेल्या निवडणुकीत शेतकऱ्यांना वेगळीच आशा होती. सरकारची बाजू अशी होती, की भाव वाढवला तर महागाई भडकेल, आणि शाळा-रस्त्यांना पैसा लागतो, तो दुसरीकडे आहे कुठे?

या 72 शिलिंगांतून घानाचा पुढचा सगळा राजकीय इतिहास फुटतो, असं म्हटलं तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. महिनाभरात, सप्टेंबर 1954 मध्ये, कुमासी शहरात 'नॅशनल लिबरेशन मूव्हमेंट' उभी राहिली. तिचे नेते बाफोर ओसेई अकोटो. ते अशांटी राजाचे मुख्य वक्ते होते, म्हणजे दरबारात राजाच्या वतीने बोलणारा मानकरी, आणि स्वतः कोको पिकवणारे. मागणी भावापासून सुरू झाली आणि बघता बघता संघराज्याची झाली. कोको आमचा, जंगल आमचं, मग तिजोरी राजधानी अक्राच्या एकहाती का, असा तिचा सूर होता.

पुढची दोन वर्षं कुमासीत मारामाऱ्या, जाळपोळ, स्फोट चालले. दोन्ही बाजूंनी. ऑक्टोबर 1954 मध्ये चळवळीच्या प्रचारप्रमुखाचा खून झाला, नोव्हेंबर 1955 मध्ये एन्क्रुमांच्या अक्रातल्या घरी बाँब फुटला. इंग्रजांनी हात वर केले आणि आणखी एक निवडणूक घ्यायला लावली. 1956 च्या त्या निवडणुकीत, डँक्वांच्या पक्षातून फुटून एन्क्रुमांनी काढलेल्या 'कन्व्हेन्शन पीपल्स पार्टी'ने सुमारे दोन-तृतीयांश जागा जिंकल्या, आणि स्वातंत्र्य त्यांच्याच अटींवर मिळालं.

इथे एक गोष्ट मान्य करायला हवी. एन्क्रुमांना लोकांचा पाठिंबा नव्हता असं कुणी म्हणू नये. जानेवारी 1950 मध्ये गांधीजींच्या सत्याग्रहावरून बेतलेला बहिष्कार-हरताळ त्यांनी पुकारला, त्यात ते तुरुंगात गेले आणि फेब्रुवारी 1951 च्या निवडणुकीत तुरुंगात असतानाच अक्रातून निवडून आले. 23,122 पैकी 22,780 मतं! इंग्रज गव्हर्नरला त्यांना कोठडीतून सोडून सरकार चालवायला बोलवावं लागलं. डँक्वांचा वकील-वर्ग 'शक्य तितक्या लवकर' स्वराज्य मागत होता आणि एन्क्रुमा 'आत्ता' म्हणत होते. शिपाई, मोटारचालक, बाजारात बसणाऱ्या बायका, सातवी-आठवी शिकून नोकरीच्या शोधात असलेली पोरं यांना 'आत्ता' पटलं. डँक्वा-पंथाच्या लेखनात आजही या लोकांबद्दल एक वरचा सूर लागतो आणि तो मला खटकतो.

आता तुरुंगाचा रकाना. स्वातंत्र्य मिळाल्यावर वर्षअखेरीस प्रदेश, धर्म किंवा जमातीच्या पायावर पक्ष चालवायला बंदी आली. विरोधकांनी एकत्र येऊन कोफी बुसिया यांच्या नेतृत्वाखाली 'युनायटेड पार्टी' काढली. जुलै 1958 मध्ये प्रतिबंधक स्थानबद्धतेचा कायदा झाला. देशाच्या सुरक्षेला धोका वाटला तर कुणालाही पाच वर्षांपर्यंत विनाखटला डांबता येईल, असा. आपण भारतीयांनी इथे फार नाक वर करू नये. आपल्या संसदेने असाच कायदा 1950 मध्येच केला होता. फरक एवढाच, की आपल्याकडे तीन महिन्यांहून जास्त डांबायचं तर सर्वसाधारणपणे सल्लागार मंडळापुढे प्रकरण नेणं घटनेनेच बंधनकारक केलं होतं. घानाच्या कायद्यात तेवढाही अडसर नव्हता.

नोव्हेंबर 1959 मध्ये या कायद्याखाली ज्यांना उचललं त्यांत बाफोर अकोटो होते. तेच, कोकोच्या भावाचे. अशांटी आणि ब्राँग-अहाफो भागात हिंसेला चिथावणी दिल्याचा ठपका होता. त्यांच्यासह आठ जणांनी सुटकेसाठी अर्ज केला आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्यांची बाजू मांडायला उभे राहिले डँक्वा.

डँक्वांचा मुद्दा सरळ होता. 1960 च्या राज्यघटनेच्या तेराव्या कलमानुसार अध्यक्ष पदग्रहण करताना काही तत्त्वांची जाहीर ग्वाही देतो. त्यात भाषणस्वातंत्र्य, संघटनेचं स्वातंत्र्य, न्यायालयात दाद मागण्याचा हक्क वगैरे आहे. मग या ग्वाहीच्या विरुद्ध जाणारा स्थानबद्धतेचा कायदा टिकेलच कसा? ऑगस्ट 1961 मध्ये सरन्यायाधीश सर आर्कू कोर्सा यांच्या पीठाने उत्तर दिलं: ही ग्वाही नैतिक बंधन आहे, इंग्लंडच्या राणीच्या राज्यारोहणाच्या शपथेसारखी. ती मोडली तर लोकांनी मतपेटीतून बघून घ्यावं, न्यायालय त्यावरून कायदा रद्द करू शकत नाही.

डँक्वा खटला हरले. दोन महिन्यांनी, ऑक्टोबर 1961 मध्ये, त्याच कायद्याखाली त्यांना स्वतःलाच पकडलं. 1962 मध्ये सोडलं, जानेवारी 1964 मध्ये पुन्हा पकडलं, आणि 4 फेब्रुवारी 1965 ला न्सावाम तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. सहांपैकी दुसरे, ओबेट्सेबी-लॅम्प्टी, 1963 मध्येच कैदेत असताना गेले होते. आणि सर आर्कू कोर्सा? कुलुंगुगु गावी एन्क्रुमांवर 1 ऑगस्ट 1962 ला बाँब टाकला गेला. त्यावरून एन्क्रुमांच्याच मंत्रिमंडळातले ताविया अदामाफियो, अको अजेई (हेही त्या सहांपैकी) आणि पक्षाचे एक बडे पदाधिकारी यांच्यावर खटला चालला. डिसेंबर 1963 मध्ये कोर्सांच्या पीठाने या तिघांना निर्दोष सोडलं, आणि एन्क्रुमांनी सरन्यायाधीशांनाच पदावरून काढलं. लोकांनी मतपेटीतून बघून घ्यावं म्हणणाऱ्या न्यायाधीशाला हे दिवस पाहावे लागले. महिनाभरात, जानेवारी 1964 मध्ये, देश एकपक्षीय करावा का यावर सार्वमत झालं. अधिकृत निकाल, 99.91 टक्के 'हो'. मतपेटीचं काय झालं होतं, हे या आकड्यातच आलं.

एन्क्रुमांचे पाठीराखे म्हणतात, जिवावरचे हल्ले खरे होते. होतेच. 1964 च्या सुरुवातीला एका पोलीस शिपायाने त्यांच्या कार्यालयाच्या आवारात त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, त्यात अंगरक्षक मारला गेला. बाँबवाल्याला पकडा, खटला भरा, शिक्षा करा, कोण नाही म्हणतं? पण डँक्वांसारख्या सत्तरीच्या उंबरठ्यावरच्या, आजारी वकिलाला विनाखटला कोठडीत मरू देणं कोणत्या हल्ल्याच्या उत्तरात बसतं, हे मला आजवर कुणी पटवून दिलेलं नाही.

आता धरण. व्होल्टा नदीवरचं अकोसोम्बो धरण हे एन्क्रुमांचं सर्वांत आवडतं स्वप्न. कल्पना मूळची इंग्रजांच्या काळातली होती. घानात बॉक्साइट आहे, नदीवर वीज करायची, त्या विजेवर बॉक्साइटपासून अॅल्युमिनियम काढायचं, आणि कोकोवरचं अवलंबन संपवायचं. 1961 मध्ये काम सुरू झालं, 22 जानेवारी 1966 ला उद्घाटन झालं. खर्चाचा सुमारे निम्मा वाटा घानाचा, उरलेला जागतिक बँक आणि अमेरिका-ब्रिटनकडच्या कर्जाचा. घानाचा वाटा म्हणजे शेवटी कोणाचा पैसा, हे एव्हाना लक्षात आलं असेल.

धरणामागे जे सरोवर तयार झालं ते सुमारे 8,500 चौरस किलोमीटरचं, मानवनिर्मित सरोवरांत क्षेत्रफळाने जगातलं सर्वांत मोठं गणलं जाणारं. त्यासाठी सुमारे 80,000 माणसं उठवली गेली, सातशेच्या वर गावं पाण्यात गेली, आणि लोकांना 52 नव्या वसाहतींत नेऊन ठेवलं. स्थिर पाण्यामुळे गोगलगायींतून पसरणारा शिस्टोसोमायसिस हा रोग काठच्या गावांत वाढला. धरणाच्या खालच्या बाजूला नदीतून शिंपले काढून विकणं हा बायकांचा पिढीजात धंदा होता. नदीचं वार्षिक पुराचं चक्र थांबलं आणि तो मोडीत निघाला. धरणाची चर्चा होते तेव्हा या बायकांचं नाव क्वचितच निघतं.

वीज मात्र खरी होती, आणि अजून आहे. फक्त ती घेतली कुणी? अमेरिकेतल्या कैसर कंपनीने टेमा इथे अॅल्युमिनियमचा कारखाना काढला. धरणाला कर्ज मिळायचं तर खात्रीचा मोठा गिऱ्हाईक हवा होता, त्यामुळे कैसरच्या अटी मान्य कराव्या लागल्या. विजेचा दर युनिटला सुमारे पाव अमेरिकन सेंट, तोही दीर्घ मुदतीसाठी बांधलेला. वर करांत सवलती. आणि सगळ्यात बोचरी गोष्ट अशी, की कारखान्याने घानाचं बॉक्साइट वापरलंच नाही. अॅल्युमिना बाहेरून आणायचा, स्वस्त वीज वापरायची, धातू परदेशी न्यायचा. साठच्या-सत्तरच्या दशकात धरणाच्या निम्म्याहून जास्त विजेचं गिऱ्हाईक हा एक कारखाना होता. दर वाढवून घ्यायला घानाला 1980 चं दशक उजाडलं.

मग एन्क्रुमा फसले का? नवसाम्राज्यवादाविरुद्ध जगभर भाषणं देणाऱ्या माणसाने अमेरिकन कंपनीशी असा करार करावा, यावर त्यांचे डावे टीकाकार बोट ठेवतात. मला वाटतं, त्यांना करार कसा आहे हे कळत होतं. दुसरा पर्याय धरणच न होणं हा होता. आज घानातल्या शहरांत दिवे लागतात त्यात अकोसोम्बोचा वाटा आहे, आणि वीज सारखी जाऊ-येऊ लागली की लोक चिडून 'दुमसोर, दुमसोर' करतात, तेव्हाही नजर त्याच सरोवराच्या पातळीकडे जाते. 2023 मध्ये सरोवर फुगलं, पाणी सोडावं लागलं आणि खालच्या भागातल्या हजारो लोकांची घरं पाण्यात गेली. एकच बांधकाम, आणि तुम्ही कुठल्या काठावर राहता त्यावर तुमचं मत ठरतं.

बाकीचं भराभर सांगतो. शाळांबाबत वाद जवळजवळ नाही. प्राथमिक शिक्षण आधी मोफत, मग सक्तीचं झालं, मुलांची संख्या काही पटींनी वाढली आणि साठच्या दशकाच्या मध्याला दहा लाखांच्या पुढे गेली. उत्तरेकडच्या, तोवर दुर्लक्षित भागाला याचा मोठा लाभ झाला. टेमाचं बंदर, तिथवरचा महामार्ग, केप कोस्टचं विद्यापीठ, हे सगळं त्याच काळातलं. कारखान्यांचं चित्र मात्र मिश्र, खरं तर वाईट. सरकारी कंपन्या धडाधड निघाल्या, पुष्कळशा परदेशी पुरवठादारांनी उधारीवर विकलेली यंत्रं घेऊन. ही उधारी अल्पमुदतीची आणि महाग होती, आणि काही प्रकल्पांचा अभ्यास विकणाऱ्यानेच केलेला होता. टेमाला कोको साठवायला प्रचंड सायलो बांधले, भाव पडला की माल रोखून धरता यावा म्हणून. ते वापरात आलेच नाहीत.

आणि भाव पडला. उत्पादन 1964-65 मध्ये साडेपाच लाख टनांच्या आसपास, म्हणजे तोवरचं विक्रमी. जगाच्या बाजारात कोको मायंदाळ झाला आणि 1965 च्या मध्याला लंडनचा भाव टनाला 100 पौंडांच्याही खाली घसरला. शेतकऱ्याला सावरण्यासाठी म्हणून जी गंगाजळी उभी केली होती ती तोवर संपली होती. स्वातंत्र्याच्या वेळी घानाकडे सुमारे 20 कोटी पौंडांची परकीय गंगाजळी होती, 1966 ला जवळपास खडखडाट. दुकानांत साखर-दूध मिळेना. याच सुमाराला आफ्रिकी नेत्यांच्या परिषदेसाठी अक्रात 'जॉब 600' नावाची आलिशान इमारत उभी राहिली.

फेब्रुवारी 1966 मध्ये एन्क्रुमा व्हिएतनाम युद्धावर तोडगा काढायला हनोईला निघाले होते. ते पेकिंगला पोचले तेव्हा मागे कर्नल कोटोका, मेजर अफ्रिफा आणि पोलीसप्रमुख हार्ली यांनी सत्ता घेतली होती. अक्रात लोक नाचले. संसदेसमोरचा एन्क्रुमांचा पुतळा पाडला. हे नाचणारे खरे होते की जमवलेले, यावर आजही रेडिओवर हमरीतुमरी होते. रिकाम्या दुकानांचा विचार केला तर बरेचसे खरे असावेत.

अमेरिकेचा हात होता का? अमेरिकेनेच पुढे प्रसिद्ध केलेल्या कागदपत्रांतून एवढं स्पष्ट दिसतं, की घानात पाश्चात्त्यांना अनुकूल उठाव होऊ घातलाय हे व्हाइट हाऊसला 1965 मध्येच ठाऊक होतं, आणि उठावानंतर रॉबर्ट कोमर या अधिकाऱ्याने अध्यक्ष जॉन्सन यांना लिहिलेल्या टिपणात त्याचं वर्णन 'अवचित हाती लागलेलं घबाड' अशा अर्थाच्या शब्दांत केलं. आदेश वॉशिंग्टनहून सुटला असं त्यांतून सिद्ध होत नाही. पण 'आमचा काही संबंध नाही' हेही मग कुणाच्या गळी उतरणार? एन्क्रुमांचे भक्त सगळा दोष सीआयएवर टाकतात तेव्हा मात्र 72 शिलिंग आणि न्सावाम तुरुंग आपोआप गायब होतात.

ते हटले, पुढे काय? या वादात सर्वांत कमी बोललं जातं ते यावर, आणि मला तर हाच भाग कळीचा वाटतो. एन्क्रुमांना वसाहतीकडून दोन हत्यारं मिळाली होती. शेतकऱ्याचा माल एकाच खिडकीत घेणारं मंडळ, आणि आणीबाणीच्या नावाखाली माणूस उचलायची सवय. 1948 मध्ये त्या सहांना इंग्रजांनी विनाखटलाच नेलं होतं. एन्क्रुमांनी दोन्ही हत्यारं मोडली नाहीत, उलट धार लावली. आणि त्यांना हटवणाऱ्यांनी? त्यांनी राजकीय कैदी सोडले आणि लगेच 'संरक्षक कोठडी'चा फतवा काढून एन्क्रुमांच्या माणसांना आत टाकलं. 1969 मध्ये बुसिया रीतसर निवडून आले, लोकशाहीचे अभ्यासक म्हणून नावाजलेले. त्यांनी कागदपत्रं नसलेल्या परदेशी लोकांना दोन आठवड्यांत देश सोडायला लावलं, त्यात पिढ्यान्पिढ्या तिथे राहिलेले नायजेरियन होते. 568 सरकारी नोकरांना काढलं. त्यांच्यापैकी सल्ला नावाचे एक जण सर्वोच्च न्यायालयात जिंकले, तेव्हा बुसियांनी जाहीर भाषणात सांगितलं की कोणतंही न्यायालय सरकारला अमुक माणूस कामावर घ्या म्हणून भाग पाडू शकत नाही. अकोटो खटल्यातलं सरकार आणि सल्ला खटल्यातलं सरकार एकमेकांचे कट्टर वैरी. कोर्टाबद्दलची वृत्ती बघा.

कोकोचंही तेच. सत्तरच्या दशकातल्या लष्करी राजवटींनी शेतकऱ्याला अक्षरशः पिळलं. भाव वाढवला, पण महागाईच्या मानाने कवडीमोल. लोकांनी झाडं तोडली, माल सीमेपार नेला, आणि 1983-84 मध्ये, दुष्काळ-वणव्यांच्या त्या साली, उत्पादन 1,60,000 टनांच्या आसपास आलं. एन्क्रुमांनी देश बुडवला म्हणणाऱ्यांनी हा आकडा जवळ ठेवावा. सगळ्यात खोल खड्डा त्यांच्यानंतर सतरा-अठरा वर्षांनी आला. आणि एन्क्रुमा असते तर घाना कुठल्या कुठे गेला असता म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं, की त्या खड्ड्याकडे नेणारी यंत्रणा त्यांनीच भक्कम करून ठेवली होती.

आज दोन्ही घराण्यांचे वारस राजकारणात आहेत. अकुफो-अॅडोंच्या सरकारात 2017 पासून कृषिमंत्री होते ओवुसू अफ्रियी अकोटो, बाफोर अकोटोंचे चिरंजीव. कोकोच्या भावावरून उठलेल्या माणसाचा मुलगा शेतीखात्याचा मंत्री! एन्क्रुमांची मुलगी सामिया 2009 मध्ये वडिलांच्याच पक्षातर्फे संसदेत गेली होती, पण तो पक्ष आता नावापुरता उरलाय. गंमत म्हणजे एन्क्रुमांचा दिवस परत आणणारे महामा त्या पक्षाचे नाहीत. ते रॉलिंग्ज यांनी काढलेल्या पक्षाचे. रॉलिंग्ज स्वतः दोनदा बंदुकीच्या जोरावर आलेले. पण 1992 मध्ये एन्क्रुमांचा देह अक्रात आणून, जिथे त्यांनी स्वातंत्र्य जाहीर केलं त्याच जुन्या पोलो मैदानावर समाधी उभी राहिली ती त्यांच्याच कारकिर्दीत. आणि त्याच शहराच्या विमानतळाला 1969 मध्ये नाव दिलं गेलं ते एन्क्रुमांना हटवणाऱ्या कोटोकाचं. ते बदला, ही मागणी वर्षानुवर्षं अधूनमधून उठत राहिली.

1992 ची राज्यघटना वाचली तर हा वाद तिच्या पानापानांत सापडतो. तिसरं कलम म्हणतं, देश एकपक्षीय करणारा कायदा संसदेला करताच येणार नाही. हे 1964 ला दिलेलं उत्तर. मूलभूत हक्क आता न्यायालयातून बजावता येतात, अध्यक्षाच्या ग्वाहीवर सोडलेले नाहीत. हे अकोटो खटल्याला. पण शेवटी जोडलेल्या संक्रमणकालीन तरतुदींत 34 व्या क्रमांकाखाली असंही लिहिलंय, की 24 फेब्रुवारी 1966, 13 जानेवारी 1972, 4 जून 1979 आणि 31 डिसेंबर 1981 या चार उठावांबद्दल कुणालाही कोर्टात खेचता येणार नाही, आणि या तरतुदीला संसदेनेही हात लावायचा नाही. कोको मंडळ नवं नाव घेऊन चालू आहे, आणि शेतकऱ्याला मिळणारा भाव अजूनही हंगामाच्या तोंडावर अक्रातूनच जाहीर होतो.